सिपना नदीचा भूगोल नकाशावर मांडताना: सुरुवात मुखापासून करा

मेळघाटातल्या सिपना नदीवर प्रकल्प करणारे विद्यार्थी, निसर्गमंडळांतले कार्यकर्ते आणि हौशी अभ्यासक बरेच आहेत. त्यांचे नकाशे मी गेली काही वर्षं तपासतोय. मेहनत भरपूर असते, चित्रंही सुरेख असतात, पण दहांतल्या सात-आठ जणांची चूक तीच असते. ते उगमापासून सुरुवात करतात. ‘नदी कुठे उगम पावते?’ हा प्रश्न शाळेपासून डोक्यात बसलेला असतो, म्हणून पहिला आठवडा उगम शोधण्यात जातो. मग निळी रेघ गिरवायची, तिला आणखी चार रेघा जोडायच्या आणि त्याभोवती अंदाजाने एक वर्तुळ काढायचं. ते वर्तुळ पाणलोट (ज्या भागातलं पावसाचं पाणी त्या नदीला मिळतं तो) म्हणून खपवलं जातं. पुढची सगळी आकडेमोड त्याच वर्तुळावर होते आणि सगळी चुकते.

बरोबर क्रम उलटा आहे. आधी मुख (नदी जिथे दुसरीला मिळते ती जागा), मग जलविभाजक (शेजारशेजारचे पाणलोट वेगळे करणारी उंच रेषा), मग प्रवाहांचं जाळं, मग मुख्य प्रवाह, आणि उगम सगळ्यांत शेवटी. हा क्रम पाळला की उगम शोधावा लागत नाही, तो आपोआप हाती येतो. खाली सगळ्या पायऱ्या सिपनेच्या उदाहरणाने दिल्या आहेत. हीच रीत कुठल्याही डोंगरी, जंगलातल्या नदीला लागू पडेल.

## तयारी: टेबलावर काय काय हवं

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या टोपोशीट्स (जमिनीचा उंचसखलपणा दाखवणारे नकाशे) घ्या. या प्रमाणात नकाशावरचे २ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा १ किलोमीटर, आणि समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) २० मीटरच्या अंतराने असतात. विभागाच्या संकेतस्थळावरून नवीन मालिकेच्या शीट्स उतरवून घेता येतात. मेळघाट जुन्या क्रमांकांनुसार ५५ सी आणि ५५ जी या दोन चौकटींत येतो.

या चौकटींचा क्रम वाचताना हमखास घोळ होतो. ५५ जी या एक अंशाच्या चौकटीचे १५ मिनिटांचे १६ तुकडे असतात, आणि ते आडवे नाही तर उभे मोजतात. म्हणजे १, २, ३, ४ असे वरून खाली, मग शेजारच्या स्तंभात पुन्हा वरून ५, ६, ७, ८. कॅलेंडरसारखं डावीकडून उजवीकडे वाचणारे चुकीची शीट मागवतात आणि ‘माझ्या नकाशात नदीच नाही’ म्हणून फोन करतात.

सिपनेच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. सेमाडोह-कोलकासचा पट्टा २१ अंश ३० मिनिटांच्या अक्षवृत्ताच्या आसपास येतो, म्हणजे नेमका दोन शीट्सच्या जोडावर. त्यामुळे एका शीटवर काम भागत नाही. शेजारच्या सगळ्या शीट्स घ्या, कडा कापा आणि समोच्च रेषा एकमेकींना जुळतील अशा चिकटवा. जोडावर रेषा तुटली असेल तर पेन्सिलीने खूण करून ठेवा. दोन शीट्सचं सर्वेक्षण वेगवेगळ्या वर्षांचं असेल तर असं होतं.

बाकी सामान साधं आहे: ट्रेसिंग पेपर, तीन रंगांच्या पेन्सिली, खोडरबर, न ताणला जाणारा दोरा, आलेख कागद आणि एक वही. संगणकावर काम करणार असाल तर क्यूजीआयएस हे नकाशांचं मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. तरीही पहिला नकाशा हाताने काढा. हाताने जलविभाजक काढलेला माणूस संगणकाची चूक ओळखतो, नुसतं बटण दाबणाऱ्याला ती दिसत नाही.

सावधान: जुन्या आणि नव्या मालिकेच्या शीट्स एकत्र चिकटवू नका. जुन्या मालिकेचा पाया एव्हरेस्ट गोलाभ (पृथ्वीचा मानलेला आकार) आहे, नव्या मालिकेचा डब्ल्यूजीएस-८४. मोबाइलमधलं जीपीएसही डब्ल्यूजीएस-८४ वापरतं. त्याचे आकडे जुन्या शीटवर थेट टाकले तर बिंदू नदीतून उठून शेजारच्या उतारावर जाऊन बसतो.

## १. आधी मुख निश्चित करा

सिपना तापीला मिळते. तापी इथे पश्चिमेकडे वाहते आणि सिपना दक्षिणेकडच्या डोंगरांतून तिच्याकडे येते, म्हणजे संगम तापीच्या डाव्या काठावर आहे. डावा-उजवा काठ ठरवताना नेहमी प्रवाहाच्या दिशेला तोंड करून उभे आहोत असं समजायचं. नकाशाचा माथा उत्तरेला असतो म्हणून अनेकजण कागदाची डावी बाजू म्हणजे डावा काठ धरतात. पश्चिमवाहिनी नदीत हा गोंधळ फार होतो.

मुखाचा बिंदू संगमावर ठेवू नका. सिपनेच्या स्वतःच्या पात्रात, संगमाच्या किंचित वरच्या बाजूला ठेवा. कागदावर याने फारसा फरक पडत नाही, पण संगणकावर पडतो. बिंदू एक घर (संगणकी नकाशाचा एक चौकोन) जरी तापीत गेला, तरी सॉफ्टवेअर मुलताईपासूनचा तापीचा सगळा पाणलोट तुमच्या पदरात टाकतं.

संपूर्ण नदी झेपणार नसेल तर मुख वर सरकवा. सेमाडोहचा पूल हे मुख मानून त्याच्या वरचा पाणलोट काढा. तेही पूर्ण आणि शुद्ध काम आहे. मात्र शीर्षकात ‘सेमाडोहपर्यंतचा पाणलोट’ असं स्पष्ट लिहा.

तपासणी: मुखाच्या बिंदूजवळून जाणाऱ्या समोच्च रेषा पाहा. नदी ओलांडताना त्या ‘व्ही’ आकार घेतात आणि त्या व्हीचं टोक नदीच्या वरच्या अंगाकडे असतं. टोक संगमाकडे दिसत असेल तर तुम्ही दरीऐवजी सोंडेवर बोट ठेवलंय.

## २. जलविभाजक: इथे घाई करू नका

हा सगळ्या कामाचा कणा आहे. माझ्या मते एकूण वेळातला निम्मा वेळ इथे गेला पाहिजे.

मुखाच्या बिंदूपासून निघा आणि एका बाजूने चढाला लागा. नियम तीनच आहेत. विभाजकाची रेषा समोच्च रेषांना काटकोनात छेदते. ती सोंडेच्या आणि धारेच्या माथ्यावरून जाते, दोन शिखरांमध्ये खिंडीतून उतरून पुन्हा चढते. आणि मुख सोडलं तर ती कुठल्याही प्रवाहाला ओलांडत नाही. हा तिसरा नियम मोडला की रेषा चुकली, मग कारण काहीही असो. प्रत्येक ठिकाणी स्वतःला विचारा: इथे पावसाचा थेंब पडला तर तो माझ्या मुखाकडे येईल की शेजाऱ्याकडे जाईल?

सिपनेच्या दक्षिणेला गाविलगडची मुख्य धार आहे. धारेच्या उत्तरेचं पाणी तापीकडे जातं. दक्षिणेचं चंद्रभागा, शहानूर, वान अशा नद्यांतून पूर्णेला मिळतं. उत्तरेच्या बाजूला एकात एक गुंतलेल्या डोंगररांगा आहेत. दक्षिणेच्या बाजूला मात्र कडा पूर्णेच्या गाळाच्या मैदानात एकदम उतरते, कारण त्या पायथ्याशी मोठा भ्रंश (जमिनीतली भेग, जिच्या दोन बाजू सरकलेल्या असतात) आहे. म्हणून दक्षिण उतारावर समोच्च रेषा दाट आणि सरळ ओळीत दिसतात, उत्तरेला त्या विस्कटलेल्या दिसतात. नकाशावर हा फरक एकदा डोळ्यांत बसला की मुख्य धार चुकत नाही.

आणि पूर्णा पुढे चांगदेवजवळ तापीलाच मिळते. धारेवर एकमेकांशेजारी पडलेले दोन थेंब, एक सिपनेतून आणि एक चंद्रभागेतून, सातपुड्याला दोन बाजूंनी वळसा घालून जळगाव जिल्ह्यात पुन्हा भेटतात. ‘शेवटी सगळं तापीतच जातं’ म्हणून दोन्ही उतार एकाच पाणलोटात घेतलेले नकाशे मी पाहिले आहेत. तापीचा नकाशा काढत असाल तर ते चालेल. सिपनेचा काढताना धार ओलांडायची नाही.

सर्वांत अवघड जागा म्हणजे सपाट माथा. चिखलदऱ्याचं पठार समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटरवर आहे आणि त्यावर २० मीटरच्या समोच्च रेषा एकमेकींपासून लांब लांब आहेत. मधल्या पट्ट्यात पाणी कुठे वळतं ते रेषा सांगत नाहीत. मी स्वतः तिथे फसलोय. दोन रेषांच्या बरोबर मधून विभाजक ओढला होता आणि नकाशा पूर्ण करून ठेवला होता. नंतर एकदा जुलैत पठारावर होतो, पाऊस नुकताच थांबला होता. रस्त्याकडेच्या चरातून लालसर पाणी वाहत होतं आणि माझ्या नकाशानुसार ते उत्तरेला जायला हवं होतं. ते मोरीखालून निघून दक्षिणेला, दरीकडे गेलं. मी त्याच्यामागे चालत गेलो, खात्री केली आणि घरी येऊन तो अख्खा तुकडा पुसून नव्याने काढला.

अशा जागी काय करायचं? दोन्ही बाजूंच्या नाल्यांची डोकी शोधा. उपग्रहचित्रात ती झाडीच्या गडद बोटांसारखी दिसतात. समोरासमोरच्या डोक्यांच्या मधून रेषा न्या आणि तेवढा भाग तुटक रेषेने दाखवा. जिथे खात्री नाही तिथे ठळक रेघ ओढणं ही वाचणाऱ्याची फसवणूक आहे.

तपासणी: मुखापासून उजवीकडून चढलेली आणि डावीकडून चढलेली रेषा वर जुळली पाहिजे. मग मध्येच कुठलाही एक प्रवाह निवडा आणि बोटाने उताराकडे चाला. बोट मुखावर यायला हवं. असे दहा प्रवाह तपासा. त्यातला एकजरी बाहेर पडला तरी पुढे जाऊ नका.

## ३. प्रवाहांचं जाळं

आता, आणि आताच, प्रवाह काढायला घ्या.

सावधान: सर्वेक्षण विभागाच्या शीटवर निळा रंग पाण्याचा आहे, नदीचा नाही. ज्या नाल्यात वर्षाचा बराच काळ पाणी नसतं तो काळ्या रेषेने दाखवतात. मेळघाटात असे काळे नाले निळ्यांपेक्षा कितीतरी जास्त आहेत. फक्त निळ्या रेघा उतरवल्या तर जाळ्याचा मोठा भाग गळतो आणि जलप्रवाह घनता हास्यास्पद कमी येते. काळी रेघ म्हणजे पायवाटच असं समजू नका. ती समोच्च रेषेच्या ‘व्ही’च्या टोकातून जात असेल तर तो नाला आहे.

पात्राच्या कडेला ‘३ आर’, ‘५ आर’ असे छोटे आकडे दिसतील. ती समुद्रसपाटीपासूनची उंची नव्हे, सापेक्ष उंची आहे, म्हणजे काठ पात्रापासून किती मीटर उभा आहे ते. वाळूचं पात्र आणि खडकात कोरलेलं पात्र यांतला फरक समजायला हे आकडे फार कामाचे आहेत, आणि सहसा कोणी त्यांच्याकडे बघत नाही.

त्यानंतर प्रवाहश्रेणी. स्ट्रालरची पद्धत वापरा. ज्याला वरून कोणी मिळत नाही तो प्रवाह पहिल्या श्रेणीचा. पहिल्या श्रेणीचे दोन मिळाले की दुसरी, दुसरीचे दोन मिळाले की तिसरी. दुसऱ्या श्रेणीला पहिल्या श्रेणीचा येऊन मिळाला तर श्रेणी वाढत नाही, दुसरीच राहते. निम्म्या प्रकल्पांत इथेच चूक होते: प्रत्येक संगमावर एक आकडा वाढवत नेतात आणि मुखाशी पंधरावी श्रेणी येते. श्रेणी देताना मुखाकडून वर जाऊ नका. या एका कामात वरून खाली यायचं असतं.

मेळघाटातून वाहणाऱ्या मुख्य नद्यांत सिपनेबरोबर खंडू, खापरा, गडगा आणि डोलार यांची नावं घेतली जातात. यांपैकी कोणती तुमच्या विभाजकाच्या आत येते, हे कुठल्यातरी अहवालातल्या यादीवरून ठरवू नका. तुमची दुसरी पायरी नीट झाली असेल तर उत्तर कागदावरच आहे.

क्षेत्रफळासाठी ट्रेसिंगवर २ सेंटिमीटरचे चौकोन आखा, प्रत्येक चौकोन १ चौरस किलोमीटरचा. सीमेवर अर्ध्याहून जास्त आत असलेला चौकोन मोजा, कमी असलेला सोडा. सगळ्या प्रवाहांची एकूण लांबी भागिले क्षेत्रफळ म्हणजे जलप्रवाह घनता. तिच्यापुढे नकाशाचं प्रमाण लिहिलंच पाहिजे. १:२५,००० च्या नकाशावर तीच नदी मोजली तर बारीक नाले वाढतात आणि घनताही वाढते, म्हणून प्रमाणाशिवाय दोन आकड्यांची तुलना करता येत नाही.

## ४. संगणकावर तेच काम

ज्यांना हवं त्यांच्यासाठी थोडक्यात. सुमारे ३० मीटरचं उंचीचं प्रतिमान (प्रत्येक घराची उंची नोंदलेला संगणकी नकाशा) घ्या. एसआरटीएम, कोपर्निकस किंवा इस्रोच्या भुवन संकेतस्थळावरचं कार्टोडेम, यांपैकी कुठलंही चालेल. प्रक्षेपण यूटीएम ४३ उत्तर निवडा. ४३ चा पट्टा ७८ अंश पूर्व रेखांशाशी संपतो आणि मेळघाट त्याच्या पश्चिमेला आहे. नागपूरचा माणूस सवयीने ४४ निवडतो आणि अंतरं बिघडतात. मग क्रम असा: खळगे भरणं, प्रवाहाची दिशा, प्रवाहसंचय, उंबरठा, मुखाचा बिंदू, पाणलोट.

उंबरठा म्हणजे किती घरांचं पाणी जमल्यावर प्रवाह मानायचा. ३० मीटरचं एक घर ९०० चौरस मीटरचं, म्हणजे १,००० घरं सुमारे ०.९ चौरस किलोमीटर. हा आकडा तुमच्या मर्जीवर असतो, म्हणून तो टोपोशीटवरच्या जाळ्याशी ताडून ठरवा आणि नकाशावर लिहा.

अरुंद घळीत हे प्रतिमान फसतं. पात्र ३० मीटरपेक्षा अरुंद असेल तर दोन्ही काठांची उंची एकाच घरात मिसळते, घळ बुजते आणि वरच्या अंगाला खोटा तलाव तयार होतो. खळगे भरताना तो सपाट केला जातो आणि नदी त्यावरून पट्टीने आखल्यासारखी सरळ जाते. जंगलातली डोंगरी नदी अशी वाहत नाही. अशी सरळ रेघ दिसली की टोपोशीट उघडा.

तपासणी: हाताने काढलेलं क्षेत्रफळ आणि संगणकाचं क्षेत्रफळ यांत पाच टक्क्यांहून जास्त फरक असेल तर दोन्ही सीमा एकमेकींवर ठेवा. फरक बहुधा एकाच जागी असतो, आणि बहुधा सपाट माथ्यावर.

## ५. मुख्य प्रवाह, आणि मग उगम

मुखापासून वर चढा. प्रत्येक संगमाशी थांबा आणि निवडा. निवड कशावर करायची हे आधी ठरवा: जास्त लांबी, जास्त पाणलोट, की गावकऱ्यांनी दिलेलं नाव? तिन्ही दरवेळी एकाच फाट्याकडे बोट दाखवत नाहीत. लोक नाव बहुधा त्या फाट्याला देतात जो गावाजवळून जातो किंवा उन्हाळ्यात पाणी धरतो. कुठलाही निकष चालेल, पण मधेच बदलू नका. एका संगमावर लांबी आणि पुढच्या संगमावर नाव असं केलं तर उगम तुमच्या सोयीचा होतो.

निकष शेवटपर्यंत पाळून जिथे पोहोचाल तो उगम. तिथे कुंड, देऊळ, पाटी काही नसेल. बहुतेक वेळा तो गवताळ उतारावरचा एक खोलगट भाग असतो. नाव-निकषाचा उगम आणि लांबी-निकषाचा उगम वेगळे आले तर दोन्ही दाखवा.

लांबी दोऱ्याने मोजा. दोरा वळणावळणाला टाचणीने अडकवत न्या. तीनदा मोजा आणि सरासरी घ्या. लांबीपुढेही नकाशाचं प्रमाण लिहा.

## ६. उताराचा आलेख

समोच्च रेषा मुख्य प्रवाहाला जिथे जिथे छेदते तिथे खूण करा. मुखापासूनचं अंतर आणि रेषेची उंची अशी दोन रकान्यांची यादी करा. आडव्या अक्षावर अंतर, उभ्या अक्षावर उंची. मुख डावीकडे ठेवा की उजवीकडे, पण ते लिहा.

आडवं प्रमाण १ सेंटिमीटरला १ किलोमीटर आणि उभं १ सेंटिमीटरला ५० मीटर घेतलं तर उंची २० पट फुगलेली दिसते. हा आकडा आलेखावर हवाच. नसेल तर साधा उतार पाहून लोक धबधबा समजतात.

आता नुसता आलेख पाहू नका, उतार मोजा. सरावासाठी एक उदाहरण देतो. ५०० आणि ४८० मीटरच्या रेषांमध्ये नदी १.६ किलोमीटर चालली, म्हणजे उतार किलोमीटरला १२.५ मीटर. पुढच्या २० मीटरच्या उतरणीला तिला ०.४ किलोमीटरच लागले, म्हणजे किलोमीटरला ५० मीटर. उतार चौपट झाला. ही जागा वर्तुळात घ्या. इथे काहीतरी आहे: कठीण खडकाचा थर, मोठ्या उपनदीचा संगम, नाहीतर जुना भ्रंश.

मेळघाटात यामागे बहुतेकदा खडकाचे थर असतात. हा सगळा दख्खनच्या बेसाल्टचा प्रदेश. लाव्हाचे थर एकावर एक बसलेले, काही घट्ट आणि काळे, काही सच्छिद्र. सच्छिद्र थरातल्या पोकळ्या पांढऱ्या खनिजांनी भरलेल्या असतात. घट्ट थर झिजायला वेळ घेतो आणि पायरी उभी राहते, सच्छिद्र थर लवकर झिजतो आणि पात्र रुंदावतं. सेमाडोहच्या भागात पात्रातला एखादा गोटा जवळून पाहिला तर काळ्या अंगावर तांदळाच्या कणीएवढे पांढरे ठिपके दिसतात. त्याच्या शेजारचा गोटा ठिपक्याविना, हाताला जड. दोन थर, दोन वागणुकी.

सावधान: २० मीटरच्या रेषांमध्ये दडलेली दहा मीटरची उडी या आलेखात दिसत नाही. ‘आलेखात धबधबा नाही, म्हणजे नदीवर नाही’ असं लिहू नका.

## ७. डोह: उन्हाळ्यातली नदी

पावसाळा सरला की या नद्यांचा प्रवाह क्षीण होत जातो, आणि एप्रिल-मेमध्ये नदी बऱ्याच ठिकाणी वाहायची थांबते. उरतात ते डोह. सेमाडोह हे गावाचं नावच पाहा. जंगलातल्या प्राण्यांसाठी, माशांसाठी आणि गावांसाठी त्या दोन महिन्यांतली नदी म्हणजे डोहांची माळ. भूगोलाच्या नकाशात ती नसेल तर नकाशा अर्धाच.

सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं मोफत मिळतात, १० मीटर तपशिलाची. मेमधलं चित्र घ्या. तोपर्यंत सागाची पानं गळलेली असतात आणि पात्र उघडं दिसतं. गडद ठिपके शोधा. पण कड्याची सावलीही गडदच दिसते. हा उपग्रह सकाळी साडेदहाच्या सुमारास जातो, म्हणून डिसेंबरात सावल्या वायव्येकडे पडतात आणि लांब असतात. तोच ठिपका डिसेंबरात आहे आणि मेमध्ये नाही, तर ती सावली असू शकते, किंवा आटलेलं पाणीही. दोन्ही महिन्यांत टिकला तर तो डोह असण्याची शक्यता मोठी. वीस-पंचवीस मीटरपेक्षा अरुंद डोह या चित्रात हरवतात, ते जागेवरच कळतात.

डोह नकाशावर आले की सहाव्या पायरीतल्या वर्तुळांशी ताडून पाहा. उतार जिथे तीव्र होऊन एकदम सपाट होतो, त्या पायऱ्यांच्या पायथ्याशी डोह सापडतात. वळणाच्या बाहेरच्या बाजूलाही सापडतात. आणि काही या दोन्हींत बसत नाहीत. ते वेगळ्या खुणेने दाखवा, ओढूनताणून स्पष्टीकरण चिकटवू नका.

## ८. जागेवर पडताळणी

हे व्याघ्रप्रकल्पाचं जंगल आहे. नदीच्या पात्रातून चालत जायचा बेत आखू नका. कुठे जाता येईल, कधी, आणि कोणासोबत, हे वनविभागाला लेखी विचारा, परवानगीचा कागद सोबत ठेवा, आणि नकार आला तर तो माना. रस्त्यावरचे पूल आणि परवानगी असलेल्या जागा एवढ्यावरही बरंच काम होतं. सेमाडोह आणि कोलकास या दोन ठिकाणांवरून नदी नीट दिसते.

निघण्याआधी नकाशे मोबाइलमध्ये उतरवून ठेवा. वाटेत बराच भाग विनानेटवर्कचा आहे. कागदी प्रतही सोबत हवीच.

पुलावर पोहोचल्यावर या क्रमाने नोंदी घ्या:

पहिल्यांदा वेळ, तारीख आणि जागा. मग पात्राची रुंदी, पुलावरून पावलांनी. पाणी किती रुंदीत आहे ते वेगळं लिहा. वरच्या अंगाला तळ कसा आहे: उघडा खडक, गोटे, की वाळू? खालच्या अंगाला? त्यानंतर पुराची खूण. काठावरच्या अर्जुनाच्या झाडांकडे पाहा. फांद्यांच्या बेचक्यांत बांबूच्या काटक्या, सागाची वाळकी पानं, गवताचे पुंजके अडकलेले दिसतील, सगळे एकाच दिशेला विंचरल्यासारखे. त्यांची उंची पात्रापासून अंदाजा. गेल्या मोठ्या पुराची ती खरी पातळी आहे. मेमधला गुडघाभर पाण्याचा डोह आणि डोक्यावर चार माणसं उंच अडकलेला कचरा, हे दोन्ही एका फोटोत घ्या.

सावधान: पुलाच्या खांबांपाशी पाणी घुमतं आणि तळ खरवडतं. तिथला खोल डोह पुलामुळे झालेला असू शकतो. तो नैसर्गिक डोहांच्या यादीत घालू नका.

सावधान: पावसाळ्यात आकाश मोकळं आहे म्हणून पात्रात उतरू नका. पाऊस वर चिखलदऱ्याच्या बाजूला पडतो आणि पाणी नंतर खाली येतं. पाणी गढूळ व्हायला लागलं, काटक्या वाहून यायला लागल्या, की काठ सोडा. आणि डोहात कुठल्याही ऋतूत उतरू नका. ती प्राण्यांची पाण्याची जागा आहे.

घरी आल्यावर त्याच दिवशी नोंदी नकाशावर चढवा. दोन दिवसांनी ‘गोटे होते की वाळू’ हे आठवत नाही.

## ९. नकाशा पक्का करताना

शाई फिरवण्याआधी पाहा: शीर्षकात मुख कुठलं ते आहे का, प्रमाण, उत्तर दिशा, समोच्च रेषांचं अंतर, मूळ शीटचा क्रमांक आणि सर्वेक्षणाचं वर्ष आहे का. खात्री नसलेल्या रेषा तुटक आहेत का. प्रवाहाची दिशा बाणाने दाखवली आहे का.

नावांबद्दल एक आग्रह आहे. टोपोशीटवरची नावं सर्वेक्षकाने ऐकली तशी लिहिलेली असतात. नाल्यांना आणि डोहांना कोरकू गावकऱ्यांची स्वतःची नावं आहेत. गावातल्या जाणत्या माणसाला विचारा, त्यांच्याकडून दोनदा उच्चारून घ्या, देवनागरीत लिहा आणि वाचून दाखवा. शीटवरचं नाव खोडू नका, दोन्ही शेजारी शेजारी द्या. कोणत्या गावात ऐकलं ते टिपेत लिहा, सांगणाऱ्याचं नाव मात्र त्यांनी होकार दिला तरच.

आणि नकाशा लोकांपुढे ठेवणार असाल तर त्याच्या दोन प्रती करा. मेमध्येही पाणी धरणाऱ्या डोहांचे अक्षांश-रेखांश फक्त तुमच्या प्रतीत आणि वनविभागाला दिलेल्या प्रतीत राहू द्या. उन्हाळ्यात सगळं जंगल त्या मोजक्या पाणवठ्यांवर येतं, हे शिकाऱ्यालाही ठाऊक असतं. जाहीर प्रतीत डोहांची संख्या द्या, कोणत्या उतारावर आहेत ते द्या, जागा देऊ नका. फोटो टाकताना त्यातली जीपीएसची नोंदही काढून टाका.